सॉफ्टवेअर ११ म्हणतं, माझी मोजणी २२ येते

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्लीप टेक्निशियन, म्हणजे झोपेत श्वास अडतो का हे तपासणारी, आहे. रात्री पेशंटला लीड (तारा) लावायच्या, सकाळपर्यंत मॉनिटरसमोर बसायचं आणि नंतर सगळं रेकॉर्डिंग हाताने स्कोअर करून, म्हणजे झोपेचे टप्पे आणि श्वासाचे अडथळे मोजून, सरांपुढे ठेवायचं, हे माझं काम. सर छातीरोगतज्ज्ञ आहेत, माणूस चांगला. होळीच्या सुमारास त्यांनी आपोआप स्कोअरिंग करणारं सॉफ्टवेअर घेतलं. आता फाइल अपलोड केली की सरांचा चहा होईपर्यंत रिपोर्ट तयार असतो. सर पहिलं पान बघतात आणि सही करतात.

मे महिन्यात अमळनेर तालुक्यातले एक ट्रकचालक आले होते. वय ४९. रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीपर्यंत जातात. भयंकर घोरणं, दिवसा डुलक्या. एकदा गाडी चालवताना डोळा लागला होता, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. स्टडीच्या रात्री बराच वेळ लाईट नव्हती. मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं, एसी मात्र बंद. सॉफ्टवेअरने रिपोर्ट दिला तो असा: झोप ६ तास १२ मिनिटं, श्वासाचे अडथळे ६८, एएचआय (तासाला सरासरी किती अडथळे) ११, गाढ झोप ३८ टक्के. सरांनी ‘सौम्य’ लिहिलं, वजन कमी करायला सांगितलं आणि ते घरी गेले. माझं मन मानेना. सुट्टीच्या दिवशी बसून मी ते रेकॉर्डिंग हाताने स्कोअर केलं. झोप ५ तास, अडथळे ११२, एएचआय २२. त्या दिवशी सकाळी लीड काढताना ते स्वतः मला म्हणाले होते, “रातभर झोपच लागनी नही.”

सरांना सांगितलं तर म्हणाले, “हे सॉफ्टवेअर हजारो पेशंटवर शिकलंय. तू एकटी बसून मोजतेस. चूक कोणाची असेल?” मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याकडचेही पेशंट येतात, त्यांचेही रिपोर्ट आता असेच जातात. मी चुकतेय का? सरांशी कसं बोलू? आणि खरं सांगायचं तर, मशीनच सगळं करणार असेल तर माझी नोकरी राहील का, याचीही धास्ती आहे.

— एक टेक्निशियन, जळगाव जिल्हा

उत्तर:

ताई,

आधी त्या चालकभाऊंचं बघू. ११ खरा की २२, हे ठरेपर्यंत थांबू नका. एएचआय ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, ही वर्गवारी तुम्हाला पाठ आहे. पण ती तासाला श्वास किती वेळा अडला एवढंच सांगते. ज्याला दिवसा डुलक्या येतात आणि ज्याचा स्टिअरिंगवर एकदा डोळा लागून गेला आहे, त्याला ११ असला तरी उपचार लागतातच. ‘सौम्य’ हा शब्द वाचून ते निर्धास्त झाले असतील आणि या घडीला कदाचित रात्रीच्या गाडीवर असतील. उद्या सकाळी स्कोअरिंगचा विषय अजिबात न काढता सरांना एवढंच म्हणा, “सर, त्या अमळनेरच्या ड्रायव्हरला परत बोलावू का? गाडी चालवताना डोळा लागल्याचं हिस्ट्रीत आहे.” कुठलाही समंजस डॉक्टर याला नाही म्हणणार नाही. उपचार सुरू होऊन दिवसाची झोप आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवायची नाही, हे सरांनी स्वतः सांगायला हवं, आणि बायकोसमोर सांगायला हवं. रोजी बुडते म्हणून ते कां-कू करतील. तरी सांगायचं. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, नीट लागू पडलं तर असा माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो, हेही त्याच वेळी सांगायचं, नाहीतर ते दवाखान्याची पायरी पुन्हा चढायचे नाहीत.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. सॉफ्टवेअर चुकलं असं म्हणण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण सरांपुढे गेल्यावर तुम्हाला पहिली तीच विचारली जाईल: दोघांनी एकाच नियमाने मोजलं का? श्वास पूर्ण थांबला, म्हणजे प्रवाह ९० टक्के किंवा जास्त घटून १० सेकंद तसाच राहिला, तर अ‍ॅप्निया; यावर फारसा वाद नाही. खरी गडबड हायपॉप्नियात, म्हणजे श्वास अर्धवट अडण्यात, आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या नियमपुस्तकात त्याच्या दोन व्याख्या आहेत. दोन्हींत प्रवाह किमान ३० टक्के घटून १० सेकंद तसाच राहायला हवा. पण एका व्याख्येत सोबत ऑक्सिजन ३ टक्के घसरला किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, म्हणजे अराउजल झालं, तर मोजायचं. दुसरीत ऑक्सिजन ४ टक्के घसरायलाच हवा, अराउजल धरायचं नाही. अमेरिकेतली सरकारी विमा योजना दुसरी व्याख्या मानते, त्यामुळे तो पर्याय सॉफ्टवेअरमध्ये हमखास असतो. तुम्ही हाताने मोजताना पहिलीच वापरत असणार. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दुसरी निवडलेली असेल, तर अराउजलवर संपलेले सगळे हायपॉप्निया त्याने सोडून दिले आणि त्याला दिलेल्या नियमाप्रमाणे ते बरोबरच वागलं. सेटिंग उघडा, कोणता नियम निवडलेला आहे ते बघा, तोच तुमच्या मोजणीला लावा आणि मग आकडे शेजारी शेजारी मांडा. अर्धा फरक इथेच निघाला तर मला नवल वाटणार नाही. तसं निघालं तर तो दोष सॉफ्टवेअर बसवताना कोणी न विचारलेल्या एका प्रश्नाचा आहे, तुमचा किंवा मशीनचा नव्हे. रिपोर्टवर नियम लिहिलेला नसेल तर तो आजपासून लिहिला जायला हवा, कारण उद्या हा पेशंट नाशिकला किंवा पुण्याला दाखवायला गेला तर तिथल्या डॉक्टरला ११ म्हणजे काय हे कळायचं कसं?

पण तुमच्या पत्रातल्या एका आकड्याचा या नियमाशी संबंध नाही, आणि तो वाचून मी थबकले. गाढ झोप ३८ टक्के! ४९ वर्षांचा माणूस, घोरणारा, रात्रभर श्वास अडकणारा. या वयाच्या पुरुषांत एन३, म्हणजे गाढ झोप, सहसा २० टक्क्यांच्या आतच असते, आणि अ‍ॅप्नियाने झोपेचे तुकडे झालेले असले तर त्याहूनही कमी. तुम्ही पुढे लिहिलंच आहे की लाईट गेली होती आणि एसी बंद होता. मे महिन्यात, आपल्याकडे, बंद खोलीत, डोक्याला जाळीची टोपी आणि छातीपोटाला पट्टे बांधून निजलेला माणूस किती घामाघूम झाला असेल!

घामात मीठ असतं. तो इलेक्ट्रोडच्या पेस्टखाली उतरला की तिथला विद्युतदाब सावकाश बदलत राहतो आणि ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरींची, रेघ संथपणे वरखाली झुलायला लागते. आता एन३ ची व्याख्या आठवा: ०.५ ते २ हर्ट्झच्या, ७५ मायक्रोव्होल्टहून उंच लाटा ३० सेकंदांच्या तुकड्याच्या, म्हणजे एपॉकच्या, किमान २० टक्के भागात, म्हणजे ६ सेकंद. घामाची झुलणारी रेघ या मापात बेमालूम बसू शकते. सॉफ्टवेअरला खोलीतली उष्णता दिसत नाही, इन्व्हर्टरचा आवाज ऐकू येत नाही. त्याला संथ, उंच लाटा दिसतात आणि ते ‘गाढ झोप’ लिहून मोकळं होतं. माणूस तेव्हा उशी उलटी करून, उकाड्याने हैराण होऊन छताकडे बघत असला तरी.

हे सरांना तोंडी सांगू नका, पडद्यावर दाखवा. लाईट गेल्याची वेळ तुमच्या रात्रीच्या नोंदीत असणार. त्या तासातला एक एपॉक उघडा, ज्याला सॉफ्टवेअरने एन३ म्हटलं आहे. डोक्याच्या उजव्या बाजूच्या तिन्ही चॅनेलना, कपाळाकडचं एफ४, मधलं सी४ आणि मागचं ओ२ यांना, डाव्या कानामागचा एम१ हा रेफरन्स, म्हणजे तुलनेची जागा, असतो. पेशंट डाव्या कुशीवर असेल आणि एम१ उशीत घामेजला असेल, तर ही तिन्ही चॅनेल एकसाथ झुलताना दिसतील आणि उजव्या कानामागच्या एम२ वर बांधलेली डावीकडची तीन बरीच स्वच्छ. खरी डेल्टा, म्हणजे गाढ झोपेची संथ लाट, अशी एका बाजूला धरून राहत नाही. ती दोन्हीकडे येते आणि कपाळाकडच्या चॅनेलमध्ये सगळ्यात उंच असते. रेफरन्स बदलून बघा. झुलणं नाहीसं झालं तर वेगळा पुरावा द्यायची गरजच नाही. मग डोक्यामागच्या ओ१-ओ२ कडे बघा: संथ लाटेच्या पाठीवर ८ ते १३ हर्ट्झची बारीक अल्फा, म्हणजे डोळे मिटून जागं असतानाची लहर, चाललेली दिसते का? हनुवटीचा ईएमजी, म्हणजे स्नायूंची रेघ, जाड आहे का? डोळ्यांच्या चॅनेलमध्ये मिचकावणं आहे का? हे सगळं असेल तर तो माणूस चक्क जागा आहे. रात्री सुरुवातीला तुम्ही कॅलिब्रेशन करून घेता, “डोळे मिटा, ३० सेकंद शांत पडा”, त्यातली त्याची स्वतःची अल्फा शेजारी लावून दाखवा. ती त्या वेळी आलीच नसेल तर मात्र या कसोटीवर विसंबू नका, कारण दहातल्या एखाद्या माणसात डोळे मिटल्यावर अल्फा उमटतच नाही. आणि हिप्नोग्रामवर, म्हणजे रात्रभरातल्या झोपेच्या टप्प्यांच्या आलेखावर, एक नजर टाका. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात जास्त असते आणि रेम, म्हणजे स्वप्नांची झोप, पहाटेकडे वाढते. एन३ चा मोठा पट्टा नेमका लाईट गेलेल्या वेळेवर बसला असेल, तर सरांना एका नजरेत कळेल.

या ७२ मिनिटांच्या जागेपणाचा हिशेब एएचआयमध्येही उतरतो. अडथळे ६८ च धरले आणि झोप ६ तास १२ मिनिटांऐवजी ५ तास धरली, तर नुसत्या भागाकाराने ११ चे १३.६ होतात. म्हणजे एकही जास्तीचा अडथळा न मोजता. उरलेला फरक नियमातून आला की घामाच्या गोंधळात अराउजल दिसले नाहीत म्हणून आला, ते तुमच्या फेरतपासणीत निघेल. “रातभर झोपच लागनी नही” हे त्यांचं वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत, ही तुमच्या कामाची मोठी बाजू आहे. पेशंटचं असं म्हणणं नेहमीच जसंच्या तसं खरं नसतं, छान झोपलेली माणसंही कधी कधी तसं म्हणतात. पण सॉफ्टवेअर ६ तासांहून जास्त झोप दाखवतंय आणि माणूस सकाळी असं म्हणतोय, तेव्हा रेघा उघडून बघायला तेवढं कारण पुरे आहे. यापुढे असं वाक्य त्याच्याच बोलीत टेक्निशियनच्या नोंदीत लिहा, मग ते अहिराणी असो, लेवा बोली असो की पावरी.

आता सरांच्या वाक्याचं. “हजारो पेशंटवर शिकलंय” हे खोटं नाही आणि ते हलक्यात घेऊ नका. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेलं यू-स्लीप हे झोपेचे टप्पे स्कोअर करणारं सॉफ्टवेअर १६ अभ्यासांमधल्या १५,६६० माणसांच्या रेकॉर्डिंगवर घडवलं आणि तपासलं गेलं आहे. एवढी रेकॉर्डिंग कुठलाही टेक्निशियन जन्मभरात बघत नाही. पण त्या रेकॉर्डिंगची उत्तरं आली कुठून? तुमच्यासारख्याच माणसांनी रात्र-रात्र बसून केलेल्या हाताच्या स्कोअरिंगमधून. आणि ती माणसंही आपसांत सगळीकडे एकमताची नव्हती. अमेरिकन अ‍ॅकॅडमीच्या कार्यक्रमात अडीच हजारांहून जास्त स्कोअररना तेच ते एपॉक देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. एकमत सुमारे ८३ टक्के. रेमवर ९० टक्के, आणि एन१ वर, म्हणजे सगळ्यात हलक्या झोपेवर, फक्त ६३. म्हणजे ‘माझं हाताचं स्कोअरिंग म्हणजेच सत्य’ असं तुम्हालाही म्हणता येणार नाही. दुसऱ्या कसलेल्या टेक्निशियनने हेच रेकॉर्डिंग स्कोअर केलं तर तिचा एएचआय १९ येईल किंवा २५ येईल. तुमचे २२ आणि तिचे १९, हा दोन माणसांतला नेहमीचा फरक आहे. ११ आणि २२ हा तसा फरक नाही. सरांपुढे ही गोष्ट तुम्ही आपणहून मांडलीत तर तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्याचं वजन वाढेल.

शिवाय ती हजारो माणसं बहुतेक अमेरिका-युरोपातली. वातानुकूलित लॅब, लाईट न जाणारी रात्र. डोक्याला रोज खोबरेल चोपडलेला माणूस त्यात किती असेल? तेलाने इम्पीडन्स, म्हणजे लीड आणि त्वचेमधला विद्युत विरोध, वाढतो, ५ किलोओहमच्या आत आणायला किती घासावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. या कारणांमुळे सॉफ्टवेअर टाकाऊ ठरत नाही. नीट लागलेल्या लीड, थंड खोली, साधा अडथळ्याचा अ‍ॅप्निया असा पेशंट असेल तर ते चांगलं काम करतं आणि तुमचे दीड-दोन तास वाचवतं. ते वाचलेले तास कुठे खर्च करायचे हा खरा विषय आहे, आणि माझं ठाम मत आहे की ते रेघा बघण्यातच खर्च व्हावेत. सही करणाऱ्याने पहिलं पान बघून सही करणं मला मान्य नाही. सॉफ्टवेअरच्या आड उभं राहून सहीची जबाबदारी टळत नाही. पेशंटच्या फाईलवर नाव सरांचं आहे.

सरांशी बोलताना वेळ निवडा. ओपीडीच्या गर्दीत नको, राउंड संपल्यावर वीस मिनिटं मागा. “सॉफ्टवेअर चुकतंय” अशी सुरुवात केलीत तर त्यांना ऐकू येईल की त्यांनी पैसे वाया घालवले. “सर, लाईट गेलेल्या रात्रीचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला कसं दिसतं ते तुम्हाला दाखवायचंय” असं म्हणा. आणि तीनच गोष्टी न्या: नियमाचं सेटिंग, घामाचा एपॉक रेफरन्स बदलण्याआधी आणि नंतर, आणि हिप्नोग्रामवर लाईट गेल्याची खूण. निष्कर्ष त्यांनाच काढू द्या. ते अनुभवी डॉक्टर आहेत. रेघ समोर आल्यावर त्यांना ती वाचता येते, फक्त गेले काही महिने ती त्यांच्यासमोर येत नाही.

मग पद्धत सुचवा. प्रत्येक रिपोर्ट सरांकडे जाण्याआधी तुमच्या नजरेखालून जाईल. एएचआय ५, १५ किंवा ३० च्या आसपास घुटमळत असेल तर अडथळे हाताने मोजायचे, कारण तिथे दोन-चार आकड्यांनी उपचार बदलतो. चालक, लोको पायलट, हार्टचे पेशंट आणि लहान मुलं असतील तर आकडा काहीही असो, पूर्ण हाताने. भुसावळसारखं जंक्शन जवळ असताना रेल्वेचे चालक तुमच्याकडे येणारच. प्रवाहाची रेघ सपाट झाली असेल तर कॅन्युला, म्हणजे श्वास मोजणारी नळी, नाकातून निसटली का ते पट्टे आणि ऑक्सिजन बघून ठरवायचं. श्वास चालू आहे, ऑक्सिजन हललेला नाही, आणि सॉफ्टवेअरने तिथे अ‍ॅप्निया मांडले असतील तर ते काढून टाकायचे. पोटाचा किंवा छातीचा पट्टा सैल झाला की अडथळ्याचा अ‍ॅप्निया सेंट्रल, म्हणजे मेंदूकडून श्वासाचा आदेशच न आल्याचा, म्हणून लिहिला जाऊ शकतो, त्याकडे विशेष लक्ष द्या. सेंट्रल म्हटलं की डॉक्टर हृदयाकडे आणि मेंदूकडे बघायला लागतात, वेगळ्या मशीनचा विचार करतात. एका सैल पट्ट्यामुळे एखाद्या गरिबाला इको आणि एमआरआयचा खर्च पडू नये.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पेशंटबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला ते सगळ्यात काळजीचं वाटतं. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल किती आहे हे नंदुरबारच्या कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारा. सिकलसेलच्या रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडून देतं, म्हणून बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा मुळातच खाली असू शकतो आणि श्वासात थोडा बदल झाला तरी तो जास्त घसरू शकतो. ३ टक्के, ४ टक्के ही मापं अशा रक्तासाठी आखलेली नाहीत. सॉफ्टवेअर तिथे हायपॉप्निया जास्त मोजू शकतं. उलट बाजूने, सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा त्रास खरोखरच जास्त आढळतो आणि रात्री ऑक्सिजन घसरणं त्यांना अधिक धोक्याचं असतं. म्हणजे आकडा मोठा आला म्हणून घाबरायचं नाही आणि ‘सिकलसेल आहे, असा येणारच’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. तुमच्या फॉर्मवर सिकलसेल तपासणीचा रकाना आहे का? नसेल तर उद्याच घाला. झोपण्याआधी, शांत जागेपणी, ऑक्सिजनचा आकडा लिहून ठेवा. असा रिपोर्ट सरांकडे जाताना वर कागद लावून जाऊ दे, आणि आकड्यापेक्षा आलेख बघायची विनंती करा. उपचार ठरवण्याआधी सिकलसेल बघणाऱ्या डॉक्टरांशी सरांनी एकदा बोलावं.

एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. फाइल अपलोड करता, म्हणजे ती बाहेरच्या सर्व्हरवर जाते. रेकॉर्डिंग ज्या ईडीएफ स्वरूपात साठवतात, त्या फाइलच्या सुरुवातीलाच पेशंटच्या ओळखीसाठी ८० अक्षरांची जागा असते आणि आपण तिथे नाव-गाव सगळं भरतो. तिथे फक्त नोंदणी क्रमांक ठेवा, फाइलच्या नावातूनही पेशंटचं नाव काढा, आणि झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ त्यासोबत जाऊ देऊ नका. संमतीपत्रकात हे लिहून, त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी हॉस्पिटलवर टाकली आहे, हे सरांना सांगितलंत तर त्यांनाही ते सोयीचंच होईल.

होळीपासून गेलेल्या जुन्या रिपोर्टचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. सगळे पुन्हा स्कोअर करणं एकटीच्या आवाक्यातलं नाही. एप्रिल-मे मधले, एन३ तीसच्या वर दाखवलेले आणि एएचआय १० ते १५ मधले एवढेच आधी बाजूला काढा. त्यातले वाहन चालवणारे पहिले. यादी सरांच्या हातात द्या, परस्पर कुणाला फोन करू नका. पेशंटला परत बोलावण्याचा निर्णय त्यांचा असू दे. तुमच्याकडून यादी आणि तारीख लेखी असू दे. त्यांनी दुर्लक्ष केलं, तर प्रत्येक स्टडीच्या टेक्निशियन नोंदीत तुम्हाला काय दिसलं ते साध्या शब्दांत लिहीत जा: ‘रात्री १ ते ३ लाईट नाही, खोली गरम, घामाचा आर्टिफॅक्ट, एन३ विश्वसनीय नाही.’ ती नोंद रेकॉर्डचा भाग असते आणि पुढचा कोणताही डॉक्टर ती वाचू शकतो.

नोकरीचं. खोटा धीर देणार नाही. नुसतं बसून स्कोअर करायचं काम कमी होत जाणार, ते दिसतंच आहे. पण डोक्यावर टेप धरून दहा-वीस या ठरलेल्या पद्धतीने लीडच्या जागा मोजणं, घाबरलेल्या बाईला तारांसकट झोपवणं, रात्री तीन वाजता निसटलेली कॅन्युला पेशंट न उठवता नीट करणं, सीपॅपचा दाब रात्रभरात बसवून देणं, यातलं एकही काम ते सॉफ्टवेअर करत नाही. त्याच्या रिपोर्टला ‘हे पटत नाही’ म्हणणारं माणूस तर आता जास्तच लागणार आहे, आणि आपल्या भागात अशी माणसं फार थोडी आहेत. म्हणून हाताची सवय मोडू देऊ नका. आठवड्याला एक रेकॉर्डिंग, सॉफ्टवेअरचा निकाल न बघता, अथपासून इतिपर्यंत स्वतः स्कोअर करा आणि मग ताडून बघा; कुठे तुम्ही चुकता आणि कुठे ते चुकतं याची वही ठेवा. सहा महिन्यांनी ती वही तुमच्या लॅबसाठी कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा उपयोगाची ठरेल. जमलं तर आरपीएसजीटी, म्हणजे स्लीप टेक्निशियनसाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या, परीक्षेची तयारी सुरू करा. ती इंग्रजीत असते म्हणून बिचकू नका, तिच्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी तुम्ही रोज रात्री करताच. फीचा आकडा मोठा वाटेल. सरांशी ते वीस मिनिटांचं बोलणं नीट झालं, तर हॉस्पिटल काही वाटा उचलेल का हेही त्याच आठवड्यात विचारून टाका.